सर्व निकष पूर्ण

"नगरसेवकांना शिकवते" असं बाईंनी सांगितलं की समोरचा हमखास हसायचा. दातांच्या डॉक्टरनं तर त्यांच्या तोंडात आरसा घातलेला असतानाच विचारलं होतं, "त्यांना शिकवायचं काय राहिलंय हो अजून?" तेव्हा बाईंना बोलता येत नव्हतं, पण एरवी त्या उत्तर द्यायच्या. म्हणायच्या, "विमान उडवायला परवाना लागतो, केस कापायला आधी कुणाच्या हाताखाली उमेदवारी करावी लागते. गावाचं पाणी, गटार, दवाखाना ज्याच्या हातात द्यायचा त्याला काहीच यायला नको?" आणि हे त्या तोंडदेखलं बोलत नसत. त्यांचा त्यावर विश्वास होता.

नियम नवा होता. निवडून आलेल्या माणसाला नगरसेवक म्हणून बसता येत होतं, पण कुठल्याही समितीचं अध्यक्षपद हवं असेल तर मान्यताप्राप्त अभ्यासक्रम पूर्ण करून प्रमाणपत्र घ्यावं लागत होतं. ते देणारी संस्था वाचनालयाच्या मागच्या इमारतीत होती. दोन खोल्या, एक कुरकुरणारा पंखा आणि भिंतीवर 'लोकप्रतिनिधी घडवताना' अशी पाटी. लेखी परीक्षा, क्षेत्रभेट, सराव-सभा आणि शेवटी प्रत्यक्ष निरीक्षण, म्हणजे बाईंनी खऱ्या सभेत प्रेक्षकांच्या बाकावर बसायचं आणि उमेदवार कसा वागतो ते निकषांच्या तक्त्यावर टिपायचं. सगळ्या रकान्यांत बरोबरची खूण आली की माणूस पात्र.

त्या वर्षीच्या तुकडीत बाईंचा धाकटा दीर होता.

घरात त्याला सगळे धाकटाच म्हणायचे, चाळिशी उलटली तरी. कॉलेज अर्धवट सोडलेलं, दोनतीन दुकानं थाटून मोडलेली, मग जुन्या गाड्यांची दलाली. जीभ मात्र अशी की रागावलेला माणूस त्याच्याकडून निघताना चहा पिऊन निघायचा. त्या जिभेवरच तो निवडून आला होता. एकाच घरात वर थोरला भाऊ आणि बाई, खाली सासूबाई, धाकटा आणि त्याची बायको. स्वयंपाकघर सगळ्यांचं एकच.

दीर आपल्याच वर्गात येणार म्हटल्यावर बाई संचालकांकडे गेल्या. म्हणाल्या, "नातं आहे. त्याचं मूल्यांकन मी करणं बरोबर दिसणार नाही. दुसरं कोणी नेमा."

संचालक फाइलमधून मानही वर न करता म्हणाले, "छे हो. घरचा माणूस आहे म्हणजे तुम्ही उलट जास्त कडक तपासाल. आणि दुसरं कोण आहे आपल्याकडे?"

बाईंनी ते तसं लेखी कळवून ठेवलं आणि कामाला लागल्या.

धाकटा पहिल्याच दिवशी पुढच्या बाकावर येऊन बसला. नवी वही, तीन रंगांची पेनं. बाकीचे नगरसेवक जांभया देत होते, फोन टेबलाखाली धरून बघत होते. पेट्रोल पंपाचा मालक तर चक्क घोरायचा. धाकटा मात्र प्रश्न विचारायचा, आणि प्रश्नही नेमके असायचे.

"हितसंबंध म्हणजे स्वतःचाच, की बायकोचाही?"

"बायकोचाही. मुलांचाही. भागीदाराचाही."

"आणि तो जाहीर केला की?"

"जाहीर करायचा, चर्चेत भाग घ्यायचा नाही, दालनाबाहेर जायचं. मतदान झालं की परत यायचं."

"म्हणजे एवढं केलं की नियमाप्रमाणे आपण स्वच्छ?"

"स्वच्छ," बाई म्हणाल्या.

घरी जेवताना सासूबाईंसमोर तो बाईंचं कौतुक करायचा. "आई, वहिनी शिकवतात तेव्हा उलगडा होतो बघ. मला शाळेत अशा बाई मिळाल्या असत्या तर मी कुठच्या कुठे गेलो असतो." सासूबाई पदराला डोळे पुसायच्या. बाईंना आतून बरं वाटायचं. वाया गेलेला म्हणून ज्याच्यावर घरानं पाणी सोडलं होतं, तो आपल्या हाताखाली माणसात येतोय, असं त्यांना वाटत होतं. रात्री नवऱ्याला म्हणाल्याही, "भावजींना उगीच नावं ठेवत होतो आपण." औषधाच्या दुकानात दिवसभर उभा राहून दमलेला नवरा म्हणाला, "बघू," आणि कुशीवर वळला.

क्षेत्रभेटीसाठी बाईंनी मुद्दाम चरबीची भट्टी निवडली. शहराबाहेर, ओढ्याकाठी. कत्तलखान्यातली हाडं, आतडी, कातड्याचे तुकडे तिथं मोठ्या कढयांत उकळायचे आणि वर येणारी चरबी साबणाच्या कारखान्यांना जायची. बाईंचं म्हणणं असं, की परवान्यावर सही करण्याआधी सही कशावर करतोय ते नाकानं कळलं पाहिजे.

नाकानं कळलं. बसचं दार उघडताच तो वास आत आला, आणि वास म्हणण्यापेक्षा तो एक ओला, कोमट हात होता, तोंडावर ठेवल्यासारखा. आतली फरशी बुळबुळीत होती. पिंपांच्या कडेला पिवळट थर साचला होता आणि त्यावर माशा अशा बसल्या होत्या की उडायचाही त्यांना कंटाळा. कढईत काहीतरी वर येऊन उलटं झालं आणि परत बुडालं. पंपवाला बाहेर धावला आणि कुंपणाला धरून ओकला. भट्टीचा मालक, ज्याला सगळे चरबीवाला म्हणायचे, हसत म्हणाला, "चार दिवसांत सवय होते. मला आता काहीच वास येत नाही."

धाकट्यानं नाकाला रुमाल लावला होता. तो बाईंच्या कानाशी म्हणाला, "वहिनी, हे असलं कधी वस्तीत येऊच देता कामा नये." परत आल्यावर त्यानं भेटीचा अहवाल लिहिला तो इतका चांगला होता, की बाईंनी वर्गात वाचून दाखवला.

शिंपीणबाईचा अहवाल एका ओळीचा होता. 'घाण आहे, बंद करा.' बाईंनी तिला बोलावून समजावलं, की असं चालत नाही, कारणं द्यावी लागतात, कायद्याचा आधार द्यावा लागतो. शिंपीणबाई जुन्या गोदामाजवळच्या गल्लीत बायकांचे कपडे शिवायची. गल्लीनंच तिला निवडून दिलं होतं. आवाज मोठा, डोकं तापट, वर्गात अर्धा वेळ गैरहजर. ती म्हणाली, "कारण काय द्यायचं मॅडम? तुम्हाला वास आला नाही का?"

"आला. पण सभेत वास दाखवता येत नाही."

"मग काय उपयोग?" असं म्हणून ती निघून गेली. बाईंनी तिला जेमतेम गुण दिले.

सराव-सभा आली. म्हणजे खोटी सभा: वर्गातच टेबलं मांडायची, कुणी अध्यक्ष व्हायचं, कुणी अधिकारी, आणि एखादा खोटा विषय नियमाप्रमाणे चर्चेला घ्यायचा. विषय कोणता घ्यावा यावर खल चालला होता तेव्हा धाकटा म्हणाला, "नुकतंच बघून आलोय तेच घेऊ ना. समजा, तसली भट्टी शहरातल्या एका गोदामात हलवायची आहे. आणि समजा, ते गोदाम माझ्या बायकोचं आहे. म्हणजे हितसंबंध जाहीर करायचाही सराव होईल."

बाईंना कल्पना आवडली. धाकटा उभा राहिला, खणखणीत आवाजात हितसंबंध जाहीर केला आणि दाराबाहेर गेला. मग बाकीच्यांनी प्रश्न विचारायचे होते. पंपवाला अडखळला. बाईंनी त्याला सुचवलं, "सांडपाण्याबद्दल विचारा. आणि शेवटी 'आकडेवारीसह सांगावं' म्हणा, म्हणजे अधिकाऱ्याला टाळता येत नाही." त्यानं तसं विचारलं. दुसऱ्यानं दुर्गंधीबद्दल विचारलं, तिसऱ्यानं रोजगाराबद्दल. मग हात वर. ठराव मंजूर. शिंपीणबाई त्या दिवशी आलीच नव्हती. धाकट्यानं सगळ्यांकडून तो प्रसंग पुन्हा एकदा करवून घेतला. "अजून सफाई यायला हवी," म्हणाला. बाईंनी टाळ्या वाजवल्या.

प्रत्यक्ष निरीक्षणाच्या दिवशी बाई लवकर जाऊन प्रेक्षकांच्या बाकावर बसल्या. मांडीवर तक्ता. सभागृह मोठं, गालिचा जुना, प्रत्येकासमोर पाण्याची बाटली आणि नावाची पाटी. दाराला काच होती. काचेतून बाहेरचा व्हरांडा आणि चहाचं यंत्र दिसत होतं.

पहिला विषय पंपाजवळच्या रस्त्याचा होता. पंपवाला उठला. "सदर रस्त्यालगत माझा पंप असल्यामुळे मी चर्चेत भाग घेत नाही," असं म्हणून बाहेर गेला. बाईंनी खूण केली. ठराव मंजूर झाला, पंपवाला हातात कागदी कप घेऊन परत आला. पुढचा विषय दिव्यांच्या कंत्राटाचा. एक ठेकेदाराचा भाऊ होता, तो उठला, जाहीर केलं, बाहेर गेला. मंजूर. तोही कप घेऊन आला. मग तिसरा. दार सारखं झुलत होतं. एक आत आला की दुसरा बाहेर, आणि सगळे बाईंच्याच वर्गातले. जो बाहेर असेल त्याचं काम आत बसलेले करत होते, आणि मग त्यांच्यातला एक बाहेर जाऊन बसत होता. हे लक्षात आलं तेव्हा बाईंचा पेन धरलेला हात थांबला.

"पुढचा विषय," अध्यक्ष म्हणाले. "चरबी वितळवण्याच्या भट्टीचं जुन्या गोदामात स्थलांतर."

धाकटा उठला. कोट नीट केला. "सदर गोदाम माझ्या पत्नीनं अलीकडेच खरेदी केलं असल्यामुळे माझा हितसंबंध आहे. मी चर्चेत आणि मतदानात भाग घेणार नाही. तशी नोंद व्हावी." जाताना त्यानं बाईंकडे बघून मान किंचित झुकवली. परीक्षेत पेपर सोपा गेलेला मुलगा बाईंकडे बघतो, तशी.

घरात कुणाला पत्ता नव्हता. जाऊ तर परवाच म्हणत होती, की नव्या पडद्यांना हे नको म्हणतात.

पंपवाला उभा राहिला. "सांडपाण्याची विल्हेवाट कशी होणार? आकडेवारीसह सांगावं." अधिकारी कागद उलटायला लागला, तेवढ्यात पंपवाला म्हणाला, "धन्यवाद, समाधान झालं," आणि बसला.

"अहो, समाधान कसलं?" शिंपीणबाई ताडकन उठली. "त्यानं तोंड तरी उघडलंय का अजून?"

"आपला क्रम आलेला नाही," अध्यक्ष म्हणाले.

"क्रम गेला चुलीत! तुम्ही सगळे जाऊन आलात ना तिथं? हा पंपवाला कुंपणाला धरून ओकत होता, विचारा त्याला! ती घाण माझ्या गल्लीत आणताय? माझं दुकान आहे तिथं. पोरी नवे कपडे शिवायला टाकतात..."

अध्यक्षांनी हात वर केला. आवाज अगदी शांत. "म्हणजे त्या गल्लीत आपली मिळकत आहे."

"आहे की! सगळ्या गावाला माहीत आहे."

"मग आपलाही हितसंबंध झाला. आपण तो सुरुवातीला जाहीर केला नाहीत. नियमाप्रमाणे आपल्याला चर्चेत भाग घेता येणार नाही, मत देता येणार नाही. कृपया बाहेर जावं."

कुणीतरी खुदकन हसलं. मग दोघंतिघं. शिंपीणबाईनं वर प्रेक्षकांच्या बाकाकडे पाहिलं, बाईंकडे. बाईंनी नजर खाली घेतली. तक्त्यावर लिहिलं होतं: 'सभेचे नियम पाळतो/पाळते. हितसंबंध वेळेवर जाहीर करतो/करते.' काचेपलीकडे धाकटा चहाच्या यंत्राजवळ उभा होता. शिंपीणबाई बाहेर आली तेव्हा त्यानं अदबीनं तिच्यासाठी दार धरलं आणि तिला कप पुढे केला. तिनं तो उडवून लावला. चहा त्याच्या बाहीवर सांडला. तो रुमालानं पुसत राहिला. आत हात वर झाले. ठराव मंजूर.

संध्याकाळी घरी केक आला होता. धाकट्यानं आणलेला, वर साखरेची फुलं. सासूबाई ताटल्या मांडत होत्या. "ये ग, बस. आता हा आरोग्य समितीचा अध्यक्ष होणार म्हणतात. तुझ्यामुळे झालं हो सगळं."

बाई बसल्या नाहीत. "भावजी, गोदाम कधी घेतलंत?"

"झाले थोडे दिवस."

"सराव-सभेच्या आधी?"

धाकटा हसला. "वहिनी, आता घरात परीक्षा नको."

"आधी की नंतर?"

"आधी." त्यानं केक कापत सांगितलं, चेहऱ्यावर लाजेचा लवलेश नाही. "मी खोटं बोललो का? काही लपवलं? उभं राहून सगळ्यांसमोर सांगितलं, नोंद करवून घेतली. तुम्ही जसं शिकवलंत, अगदी तसं. पूर्वीचे लोक दाबून ठेवायचे, मग पकडले जायचे. आपण कशाला ते धंदे करायचे?"

"मला किळस येते तुमची," बाई म्हणाल्या.

सासूबाईंच्या हातातली ताटली टेबलावर आपटली. जाऊ पटकन स्वयंपाकघरात गेली. नवरा म्हणाला, "अग, जेवायच्या टेबलावर हे काय? घरात राजकारण नको."

"घरात नाही, गल्लीत चाललंय ते. तिथं माणसं राहतात."

"माणसं सगळीकडेच राहतात, वहिनी," धाकटा समजुतीच्या सुरात म्हणाला. "कुठंतरी भट्टी लागणारच. साबण तर तुम्हीही वापरता." आणि त्यानं केकचा तुकडा बाईंसमोर सरकवला. वरचं लोणी उन्हाळ्यानं ओघळलं होतं, पिवळट, आणि ताटलीच्या कडेला त्याचा थर साचला होता. बाई तशाच मोरीत गेल्या आणि ओकल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी धाकट्याच्या तक्त्यावर 'अपात्र' असं लिहिलं आणि आळीपाळीनं बाहेर गेलेल्या बाकीच्यांच्याही. संचालकांनी दुपारीच बोलावलं.

"कुठल्या निकषावर?" त्यांनी तक्ता पुढे केला. "सगळीकडे बरोबरची खूण आहे. तुमच्याच हातची."

"त्यांनी आधी ठरवून मतं दिली. आळीपाळीनं. सराव-सभेत रंगीत तालीम केली, माझ्यासमोर."

"मग? सराव करूनच घ्यायचा असतो ना? अभ्यासक्रमातच आहे."

"साहेब, ते नियम पाळून गावाला विकतायत."

संचालकांनी चष्मा काढला. "असा रकाना नाही आपल्याकडे. आणि दुसरं असं, की ते तुमचे दीर. घरात काहीतरी बिनसलंय असं ऐकतो. रागापोटी नापास केलं असं म्हणतील. संस्थेची मान्यता जाईल. तुम्ही खरं तर हे मूल्यांकन घ्यायलाच नको होतं."

"मी लेखी कळवलं होतं. तुम्हीच घ्या म्हणालात."

"मी तोंडी म्हणालो असेन," ते म्हणाले, आणि पुन्हा चष्मा घातला.

तक्ते दुसऱ्या शहरातल्या एका परीक्षकाकडे गेले. त्यानं ते खुर्चीतून न उठता तपासले. सगळे पात्र, धाकटा विशेष प्रावीण्यासह. शिंपीणबाई एकटी नापास. निकालावर बाईंची सही हवी होती. त्यांनी दिली नाही, आणि त्याच कागदाच्या मागे राजीनामा लिहून संचालकांच्या टेबलावर ठेवला.

शिंपीणबाईला ही बातमी आपल्या तोंडून कळावी म्हणून त्या तिच्या दुकानात गेल्या. दुकान म्हणजे एक खोली, शिलाईयंत्र, दोरीवर टांगलेले कपडे, खाली कात्रणांचा ढीग. शिंपीणबाईनं यंत्र थांबवलं नाही.

"नापास ना? मला काही फरक पडत नाही. अध्यक्षपद कुणाला हवं होतं?"

"तुम्ही एकट्याच खरं बोललात."

आता यंत्र थांबलं. "मग तिथं का नाही बोललात? वर बसून खुणा करत होतात. मॅडम, राग मानू नका, पण बाहेर जायचं दार त्यांना तुम्ही दाखवलंत. मला त्याच दारातून हाकललं त्यांनी. तुमच्यापेक्षा तो चरबीवाला बरा. तो म्हणतो तरी, की मला वास येत नाही."

बाईंना ते तोंडात मारल्यासारखं लागलं. त्या म्हणाल्या, "परवान्यावर हरकती घ्यायला सुनावणी होईल. मी बोलते."

सुनावणीला गल्ली लोटली होती. परवाना अधिकारी घाम पुसत बसला होता. धाकटा पहिल्या रांगेत. बाई उभ्या राहिल्या आणि त्यांनी सगळं सांगितलं: वर्ग, भेट, गोदाम, खोटी सभा आणि तिच्यातलेच शब्द जसेच्या तसे खऱ्या सभेत. "मी शिकवलं म्हणून मला माहीत आहे. हे मतदान नव्हतं, पाठांतर होतं. आणि गोदाम माझ्या दिराच्या घरचं आहे, म्हणजे माझ्याही घरचं. हाही हितसंबंध लिहून घ्या."

मागून कुणीतरी "शाब्बास" म्हणालं.

धाकटा उठला. "वहिनींविषयी मला आदरच आहे. मी आज जो काही आहे, त्यांच्यामुळे. त्यांच्या भावना मी समजू शकतो." आणि बसला. तीन वाक्यांत त्यानं त्यांना घरात रुसलेली बाई करून टाकलं.

अधिकाऱ्यानं विचारलं, "पण सराव करणं कुठल्या नियमाच्या विरुद्ध आहे?"

बाईंनी अख्खा अभ्यासक्रम स्वतः लिहिला होता. त्यांना माहीत होतं. कुठल्याच नाही.

परवाना मिळाला. अट एकच, कढयांना झाकणं असावीत. झाकणं बसली, ती माल टाकताना उघडायची, आणि माल दिवसभर टाकला जायचा. गल्लीत खिडक्या बंद झाल्या. शिंपीणबाईकडे गिऱ्हाइकं शिवलेले कपडे नाकाशी नेऊन परत करू लागली. दोनदा धुतले तरी वास जात नव्हता. शेवटी तिनं यंत्र उचलून बहिणीच्या घरी नेलं. संस्थेच्या नव्या माहितीपत्रकावर धाकट्याचा फोटो छापला, हात बांधून, कोट घालून.

घरात बाई वेगळी चूल मांडून जेवू लागल्या. सासूबाई बोलत नव्हत्या. एके सकाळी जिन्यात धाकटा भेटला. बाजूला होऊन वाट दिली आणि म्हणाला, "वहिनी, परत संस्थेत या ना. नवीन तुकडी आली आहे. जो शिकवतो त्याला काही येत नाही. तुमच्यासारखं कुणी समजावून सांगत नाही, खरंच."

बाईंनी त्याच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. टोमणा असेल, खिजवत असेल, असं त्यांना वाटलं होतं, त्यांनी तसं मनाशी धरलंही होतं. पण तसं काही नव्हतं. तो मनापासून बोलत होता. त्याला त्या आवडत होत्या, त्यांचं शिकवणं आवडत होतं, आणि आपण काय केलं याची त्याच्या मनात कुठंच, कशाचीच बोच नव्हती. त्या क्षणी त्यांना जी शिसारी आली, ती भट्टीतही आली नव्हती. कढईतली घाण निदान घाण म्हणून ओळखू येत होती.

"भावजी," त्या म्हणाल्या, "माझ्या अंगाला लागू नका," आणि भिंतीला चिकटून खाली उतरल्या.

त्याच महिन्यात त्यांनी गावाच्या दुसऱ्या टोकाला दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. नवरा कुरकुरत का होईना, आला. सामान निघालं तेव्हा सासूबाई दारापर्यंत आल्या नाहीत. जाऊ मात्र मागच्या दारानं आली, बाईंच्या हातात एक डबा दिला आणि म्हणाली, "मला सही करायला सांगितली, मी केली. कशावर ते विचारलंच नाही." बाईंनी डबा घेतला.

आता त्या एका शाळेत भूमिती शिकवतात. शिंपीणबाईनं गल्लीतल्या लोकांना घेऊन कोर्टात दावा लावला आहे. त्याची टिपणं बाई काढून देतात, शिंपीणबाई ती वाचते आणि म्हणते, "फार सभ्य झालंय, जरा झणझणीत करा." कधी बाई मान्य करतात, कधी भांडतात. तारखा पडतायत. भट्टी चालू आहे.